दप्तर सरकारचे, शाबिती मात्र सैनिकाची

अमेरिकेच्या राखीव दलांतील सैनिकाचे निवृत्तिवेतन गुणांवर ठरते. सेवेच्या एका वर्षात किमान ५० गुण जमले तर ते वर्ष पात्र धरले जाते, ४९ जमले तर नाही. अशी २० पात्र वर्षे भरली की साधारणपणे वयाच्या साठाव्या वर्षापासून निवृत्तिवेतन सुरू होते; १९ भरली तर, काही मोजके अपवाद सोडता, एक डॉलरही हाती पडत नाही. नियम कडक आहे, पण कोठेतरी रेषा आखावीच लागते, आणि ती विसावर आखली याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार वेगळी आहे. हे गुण मोजते सरकार, त्यांची नोंद करते सरकार आणि ती नोंद वर्षानुवर्षे सांभाळण्याचे कामही सरकारचेच; मात्र नोंद चुकली, अर्धवट राहिली किंवा गहाळ झाली, तर खरे काय घडले होते हे सिद्ध करण्याची जबाबदारी सैनिकावर येते. तीही बहुतेकदा वीस-पंचवीस वर्षांनी, जेव्हा त्याची तुकडी विसर्जित झालेली असते आणि हजेरी घेणारा सार्जंट कोठे आहे हे कोणालाच ठाऊक नसते. ही वाटणी अन्यायाची आहे आणि ती बदलली पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

या व्यवस्थेचा पाया २९ जून १९४८ च्या कायद्याने घातला. दुसरे महायुद्ध संपून तीन वर्षे झाली होती, शीतयुद्धाची चाहूल लागली होती, आणि नागरी नोकरीधंदा सांभाळून सैनिकी प्रशिक्षण घेणारे लाखो लोक हाताशी असणे देशाला आवश्यक वाटत होते. अशा लोकांनी वर्षानुवर्षे टिकून राहावे यासाठी त्यांना म्हातारपणी काही आधार देण्याचे ठरले. नियमित सैनिकाची सेवा तारखांवरून मोजता येते. तो रुजू झाला त्या दिवसापासून सुटला त्या दिवसापर्यंत तो सैनिकच असतो. राखीव सैनिकाचे तसे नाही. तो शाळेत शिकवतो, ट्रक चालवतो, रुग्णालयात परिचारिकेचे काम करतो, आणि महिन्यातील एक शनिवार-रविवार गणवेश घालतो. त्याची सेवा तुकड्यातुकड्यांची असते, म्हणून तिला गुणांचे माप लावावे लागले.

ते माप असे. नुसत्या सदस्यत्वाचे वर्षाला १५ गुण. चार तासांच्या ड्रिलच्या एका पाळीला एक गुण, दिवसाला जास्तीत जास्त दोन. म्हणजे एका शनिवार-रविवारचे चार आणि बारा महिन्यांचे ४८. उन्हाळी वार्षिक प्रशिक्षणाच्या प्रत्येक दिवसाला एक, म्हणजे आणखी चौदा-पंधरा. सुरळीत गेलेल्या वर्षी ही बेरीज ७८ च्या आसपास जाते आणि ५० ची अट सहज पूर्ण होते. त्यामुळे बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की ज्याचे ५० गुणही भरत नाहीत, त्याने बहुधा कामात कुचराईच केली असावी.

पण सगळी वर्षे सुरळीत जात नाहीत. नोकरीच्या बदलीमुळे ओहायोतून टेक्सासला गेलेल्या, नॅशनल गार्डमधील (म्हणजे राज्याच्या राखीव दलातील) एका सैनिकाचे उदाहरण कल्पनेने घेऊ. जुन्या तुकडीत त्याने चार महिने ड्रिल केले, नवी तुकडी मिळेपर्यंत काही महिने गेले, तेथे उरलेले दोन महिने भरले. सहा महिन्यांचे २४ गुण झाले. चौदा दिवसांच्या शिबिराचे १४. सदस्यत्वात खंड पडू दिला नाही, म्हणून त्याचे १५. एकूण ५३, म्हणजे वर्ष पात्र. आता समजा, जुन्या तुकडीतील शेवटच्या शनिवार-रविवारची हजेरी कारकुनाने गणनयंत्रणेत चढवलीच नाही. चार गुण कमी झाले आणि उरले ४९. गार्डच्या सैनिकाला मिळणाऱ्या ‘एनजीबी २३’ या तक्त्यात वर्षाला एक ओळ असते: वर्ष कोठून कोठपर्यंत, ड्रिलचे गुण, सदस्यत्वाचे गुण, प्रत्यक्ष सेवेचे दिवस, बेरीज, आणि शेवटी निवृत्तिवेतनासाठी पात्र सेवा किती. त्या शेवटच्या रकान्यात वर्ष, महिने आणि दिवस यांच्यासाठी ‘०१ ०० ००’ असे यायला हवे होते, तेथे तीन शून्यांच्या जोड्या उमटतात. इतर सर्व ओळी बरोबर असतील, तर पाहणाऱ्याच्या ते लक्षातही येणार नाही.

या चार गुणांची किंमत किती, हे पाहण्यासारखे आहे. निवृत्तिवेतनाची रक्कम काढताना सगळ्या वर्षांचे गुण एकत्र करून त्यांना ३६० ने भागतात आणि जुन्या पद्धतीप्रमाणे दर वर्षाला अडीच टक्के धरतात. १,८०० गुण झालेल्या सैनिकाची सेवा पाच वर्षांच्या बरोबरीची ठरते आणि त्याला मूळ वेतनाच्या साडेबारा टक्के मिळतात. या हिशेबात चार गुणांचा वाटा ०.०३ टक्क्यांहूनही कमी आहे. रक्कम ठरवताना जे चार गुण जवळजवळ नगण्य आहेत, तेच पात्रता ठरवताना संपूर्ण निवृत्तिवेतन, साठीनंतरचे सैनिकी आरोग्यकवच आणि पत्नीचे कुटुंबवेतन गिळून टाकू शकतात. एका वर्षी ७८ गुण मिळाले म्हणून त्यांतील जादा गुण पुढच्या वर्षाकडे वळवता येत नाहीत. जेथे एका नोंदीवर एवढा मोठा फरक पडतो, तेथे त्या नोंदीच्या अचूकतेबद्दलची जबाबदारीही तेवढीच मोठी असली पाहिजे, आणि ती नोंद करणाऱ्याची असली पाहिजे.

नोंदी बिघडतात त्या बहुतेक वेळा कोणाच्या दुष्टाव्यामुळे नव्हे, तर व्यवस्थेच्या रचनेमुळे. प्रत्येक राज्याचा नॅशनल गार्ड वेगळा आणि त्याचे दप्तरही वेगळे. गार्डमधून संघराज्याच्या राखीव दलात किंवा एका दलातून दुसऱ्यात गेलेल्या सैनिकाचे कागद त्याच्या मागोमाग जातीलच असे नाही. प्रदीर्घ प्रत्यक्ष सेवेनंतर ‘डीडी २१४’ हे मुक्ततापत्र मिळते, पण दोन-चार दिवसांच्या किंवा आठवड्याच्या कामगिरीला ते सहसा मिळत नाही. तिचा पुरावा म्हणजे त्या वेळचा लेखी आदेश आणि पगाराचा कागद. तुकडीबाहेर केलेल्या प्रशिक्षणाचे गुण अधिकाऱ्याने स्वतंत्र नमुन्यावर सही करून पाठवले तरच जमा होत. पत्राद्वारे पूर्ण केलेल्या सैनिकी अभ्यासक्रमांचे गुण आणखी निराळ्या मार्गाने येत. यात भर म्हणजे पगाराचे खाते आणि गुणांचे खाते ही दोन वेगळी खाती आहेत. त्यामुळे असे होऊ शकते की एखाद्या ड्रिलचा पगार सरकारने मोजून दिला, त्यावरचा करही कापून घेतला, आणि त्याच ड्रिलचा गुण मात्र कोठेच लागला नाही.

कागद सांभाळण्याच्या बाबतीत सरकारचा सर्वांत मोठा अपराध १२ जुलै १९७३ रोजी उघड झाला. सेंट लुइस शहराजवळच्या राष्ट्रीय सेवानोंद केंद्राच्या सहाव्या मजल्याला आग लागली आणि १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख सेवापुस्तिका जळाल्या. १९१२ ते १९६० या काळात लष्करातून मुक्त झालेल्यांच्या सुमारे ८० टक्के आणि १९४७ ते १९६४ या काळातील हवाई दलाच्या, नावांच्या वर्णक्रमातील एका टप्प्यापुढच्या, सुमारे ७५ टक्के नोंदी गेल्या. या कागदांची दुसरी प्रत नव्हती, सूक्ष्मफीत काढलेली नव्हती, आणि कोणाचे काय जळाले याची यादीही नव्हती. त्या काळातील राखीव सैनिकांच्या पिढीला आपल्या सेवेच्या पहिल्या वर्षांचा पुरावा देताना या आगीची झळ बसली. आगीला कोणी सैनिक जबाबदार नव्हता, आणि एकच प्रत एकाच इमारतीत ठेवण्याचा निर्णयही सैनिकाने घेतला नव्हता.

चूक दुरुस्त करण्याची सोय कायद्यात आहे, आणि ती विचारपूर्वक केलेली आहे, हे मान्य केले पाहिजे. १९४६ पूर्वी एखाद्या सैनिकाची नोंद बदलायची तर काँग्रेसमध्ये त्याच्या नावाचे खासगी विधेयक मंजूर करावे लागे. अशा विधेयकांनी संसदेचा वेळ खाल्ला जाऊ लागला, तेव्हा त्या वर्षीच्या कायद्याने ती वाट बंद करून प्रत्येक दलाच्या सचिवाला नागरी सदस्यांच्या मंडळामार्फत नोंद दुरुस्त करण्याचा अधिकार दिला. ‘चूक सुधारण्यासाठी किंवा अन्याय दूर करण्यासाठी’ हे त्या अधिकाराचे माप आहे. ते मुद्दाम रुंद ठेवले आहे, कारण नोंद कागदोपत्री बरोबर असूनही तिचा परिणाम अन्यायाचा असू शकतो, हे त्यात गृहीत आहे. कमी पडलेले गुण जमा करून एखादे वर्ष पात्र ठरवण्याचा अधिकार मंडळाला आहे आणि काही प्रकरणांत मंडळांनी तो वापरलाही आहे. सैनिक हयात नसेल तर वारसालाही अर्ज करता येतो.

मग अडते कोठे? लष्कराच्या मंडळाचे नियम वाचले की उत्तर मिळते. मंडळ प्रत्येक प्रकरणाची सुरुवात अशा गृहीतकाने करते की सरकारी काम नियमाप्रमाणेच झाले असणार. चूक झाली हे अर्जदाराने पुराव्याचे पारडे आपल्या बाजूला झुकवून सिद्ध करायचे. मंडळ ही तपास करणारी संस्था नाही, असे नियमातच म्हटले आहे. तोंडी सुनावणी हा अर्जदाराचा हक्क नाही. बहुतेक अर्ज कागदांवरूनच निकालात निघतात. चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांत अर्ज करायचा असतो. न्यायाच्या दृष्टीने योग्य वाटल्यास मंडळ ही मुदत माफ करू शकते, पण करेलच असे नाही.

यातील प्रत्येक नियमाचे समर्थन करता येईल. सरकारी कामकाज नियमाप्रमाणे चालते असे धरून चालल्याशिवाय कोणतेही प्रशासन उभे राहू शकत नाही, हेही खरे. पण हे गृहीतक असलेल्या नोंदीला लावणे आणि नसलेल्या नोंदीला लावणे यांत फरक आहे. कागदावर ‘गैरहजर’ असे लिहिलेले असेल, तर तो शेरा बरोबर आहे असे धरून सैनिकाकडे उलट पुरावा मागणे समजण्यासारखे आहे. कागदच नसेल, तर तेथे सरकारी कामाच्या नियमिततेबद्दल गृहीत धरण्यासारखे काय उरले? हजेरीपत्रक जपण्याचे काम नियमाप्रमाणे झालेले नाही, एवढे तर त्या रिकाम्या जागेवरूनच दिसते. तरीही व्यवहारात नोंद नाही म्हणजे हजेरी नाही, असा अर्थ लावला जातो, आणि सरकारच्या निष्काळजीपणाचा लाभ सरकारलाच मिळतो.

अमेरिकेचे कायदे या बाबतीत स्वतःशीच विसंगत आहेत, आणि मला ही विसंगती सर्वांत बोलकी वाटते. वीस पात्र वर्षे पूर्ण झाली की एका वर्षाच्या आत सैनिकाला तसे लेखी कळवणे दलावर बंधनकारक आहे. सैनिक त्याला ‘वीस वर्षांचे पत्र’ म्हणतात. आधी पात्र म्हणून कळवायचे आणि साठी आल्यावर फेरमोजणी करून हात वर करायचे, असे प्रकार थांबावेत म्हणून १९६६ मध्ये काँग्रेसने ठरवले की हे पत्र एकदा दिले की सेवेच्या मोजणीत सरकारची चूक झाली होती एवढ्या कारणावरून निवृत्तिवेतन नाकारता येणार नाही. सैनिकाने स्वतः लबाडी केली असेल किंवा खोटी माहिती दिली असेल, तरच ते काढून घेता येईल. चुकीने मोजलेली वर्षे रकमेच्या हिशेबातून वजा होऊ शकतात, पण हक्क जात नाही. म्हणजे सरकारने चुकून एक वर्ष जास्त मोजले, तर त्या चुकीचा भार सरकारनेच सोसायचा, हे तत्त्व संसदेने अर्धशतकापूर्वीच स्वीकारले. तेच सरकार चुकून एक वर्ष कमी मोजते, तेव्हा भार सैनिकावर का? ज्याला कमावलेल्यापेक्षा जास्त मिळाले त्याला कायद्याचे कवच, आणि ज्याने कमावलेले हरवले त्याच्या हाती अर्जाचा नमुना, याला न्याय्य म्हणता येणार नाही.

दुसरी विसंगती माजी सैनिकांच्या अपंगत्वभत्त्याबाबत आहे. तेथे दोन्ही बाजूंचा पुरावा साधारण समतोल असेल, तर संशयाचा फायदा सैनिकाला द्यावा असा कायदाच आहे. सेंट लुइसच्या आगीत कागद जळालेल्यांच्या बाबतीत तर माजी सैनिकांच्या दाव्यांची अपिले ऐकणाऱ्या संघीय न्यायालयाने १९९१ मध्ये म्हटले की नोंदी सरकारच्या ताब्यात असताना नष्ट झाल्या असतील, तेव्हा दाव्याचा विचार अधिक काळजीने करणे आणि निर्णयाची कारणे अधिक स्पष्ट देणे हे सरकारचे वाढीव कर्तव्य आहे. म्हणजे एकच आग, एकच जळालेले सेवापुस्तक आणि एकच सैनिक, पण गुडघ्याच्या दुखापतीसाठी भत्ता मागायला गेला तर संशयाचा फायदा त्याला मिळतो, आणि त्याच काळातील ड्रिलचे गुण मागायला गेला तर शाबितीची जबाबदारी त्याच्या डोक्यावर येते. दोन खिडक्यांवर दोन न्याय असण्याचे कोणतेही तात्त्विक कारण मला दिसत नाही.

विरोधी बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा असा की सैनिकाला त्याच्या गुणांचा वार्षिक तक्ता मिळतो; त्याने तो तेव्हाच तपासायला हवा होता, आणि दहा वर्षे गप्प बसून साठी जवळ आल्यावर जाग येणाऱ्याला सरकारने किती सांभाळायचे? या म्हणण्यात तथ्य आहे. आपल्या हिताचे कागद आपण पाहिलेच पाहिजेत. पण हा तक्ता येतो वर्ष संपल्यावर. त्या वेळी नोंद खरोखर कमी असेल तर एक जादा ड्रिल करून ती भरून काढण्याची संधी गेलेली असते. चूक दाखवून दिली तर तुकडीचा कारकून ‘दुरुस्त करून पाठवतो’ म्हणतो, आणि ते पुढे झाले की नाही हे पुढच्या वर्षीच्या तक्त्याशिवाय कळत नाही. शिवाय आज हे तक्ते संगणकावर दिसतात म्हणून १९८५ मध्येही ते प्रत्येकाच्या हाती पोहोचत होते असे मानणे चुकीचे ठरेल. सैनिकाने लक्ष दिले नाही हा त्याचा हलगर्जीपणा असेलही. पण नोंद न करणे हा त्याहून आधीचा आणि त्याहून मोठा हलगर्जीपणा आहे, आणि दोघांपैकी एकालाच शिक्षा होते आहे.

दुसरा आक्षेप खोट्या दाव्यांचा. शाबितीची अट सैल केली तर कधी न केलेल्या ड्रिलचेही गुण लोक मागतील, अशी भीती घातली जाते. मंडळाकडे करायच्या अर्जाच्या नमुन्यावरच खोट्या विधानाबद्दल दंड आणि कैदेचा इशारा छापलेला असतो. आणि मी जे मागतो आहे ते नुसत्या शब्दावर विश्वास ठेवणे नव्हे. पगाराची नोंद, कराची नोंद, प्रवासाचा आदेश, सहकाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे यांपैकी काही तरी स्वतंत्र आणि सुसंगत असावे, आणि ते असले की उलट सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारकडे जावी, एवढेच. त्या दिवसाचा पगार दिलेला असेल तर त्या दिवसाचा गुण आपोआप मिळाला पाहिजे. यासाठी मंडळापर्यंत जाण्याची वेळच येता कामा नये. सरकारची दोन खाती एकमेकांशी जुळवणे हे सरकारी लेखापालाचे काम आहे, साठ वर्षांच्या निवृत्त ट्रकचालकाचे नव्हे.

तिसरा आक्षेप मात्र मी स्वीकारतो. ज्याने खरोखरच ड्रिल केले नाही, त्याला केवळ सहानुभूतीपोटी वर्ष बहाल करू नये. तसे केले तर पावसात, बर्फात आणि घरच्या अडचणींत ज्यांनी वीस वर्षे भरली त्यांच्याशी ती प्रतारणा होईल. पण या वर्गात एक उपवर्ग आहे, आणि त्याला वेगळे काढले पाहिजे. तुकडीच्या कार्यालयाने ‘तुमची वीस वर्षे पूर्ण झाली आहेत’ असे सांगितले, त्यावर विसंबून सैनिकाने नाव काढून घेतले, आणि पुढे फेरमोजणीत एक वर्ष कमी निघाले, तर ती उणीव त्याची नाही. तो आणखी एक वर्ष सहज करू शकला असता. त्याला तसे करू न देणारा सल्ला सरकारी माणसाने दिला. पन्नाशी-साठीत वयोमर्यादेमुळे परत भरती होता येत नाही, म्हणून ही चूक नंतर श्रमाने भरून निघत नाही, फक्त नोंदीच्या दुरुस्तीनेच निघते.

याच ठिकाणी अठरा वर्षांच्या संरक्षणाचाही उल्लेख केला पाहिजे. अठरा पात्र वर्षे झालेल्या राखीव सैनिकाला वीस पूर्ण होण्याआधी त्याच्या इच्छेविरुद्ध सहजासहजी काढता येत नाही, अशी तरतूद कायद्यात आहे. पण अठरा झाली की नाही हेही त्याच तक्त्यावरून ठरते. एक वर्ष चुकीने वगळले गेले असेल, तर कागदावर सतराच दिसतात आणि सैनिक संरक्षणाला मुकतो. तो सेवेबाहेर जातो आणि मग वीस भरण्याची शक्यताच संपते. एका चुकीतून दुसरी चूक कशी जन्मते याचे हे उदाहरण आहे, आणि अशा प्रकरणात मंडळाने हरवलेले एक वर्ष परत देऊन भागत नाही. चुकीने काढले नसते तर सैनिकाने जी दोन वर्षे केली असती, त्यांचाही विचार करावा लागतो.

हा प्रश्न फक्त अमेरिकेपुरता नाही. योगायोग असा की भारताचा प्रादेशिक सेनेचा कायदाही १९४८ चाच. कोल्हापुरात मराठा लाइट इन्फन्ट्रीची १०९ क्रमांकाची पलटण आणि पुण्यात १०१ क्रमांकाची पलटण याच प्रादेशिक सेनेच्या आहेत. तेथील जवानाला निवृत्तिवेतन मिळते ते त्याच्या प्रत्यक्ष पाचारणाच्या, म्हणजे फौजी बोलीत ‘एम्बॉडी’ झालेल्या, काळाची बेरीज १५ वर्षे झाली तर. ही सेवाही तुकड्यातुकड्यांनी घडते, आणि प्रत्येक तुकड्याची ‘पार्ट टू ऑर्डर’, म्हणजे सेवेची अधिकृत लेखी नोंद, निघालेली असावी लागते. एखादी ऑर्डर निघायची राहिली तर महिने गळतात, आणि रेकॉर्ड ऑफिसला पत्रे लिहीत बसण्याची वेळ जवानावर येते. जुन्या काळात पलटणीतली आणि राखीव यादीवरची सेवा मिळून १५ वर्षे भरणाऱ्यांना ‘रिझर्व्हिस्ट पेन्शन’ मिळे. नौदलात प्रत्यक्ष सेवेनंतर ‘फ्लीट रिझर्व्ह’मध्ये पाठवण्याची पद्धत ३ जुलै १९७६ पासून बंद झाली. त्या निर्णयामुळे राखीव यादीत जाऊच न शकलेल्या खलाशांचा वाद सर्वोच्च न्यायालयात २०१६ मध्ये निकाली निघाला; राखीव निवृत्तिवेतन त्यांना नाकारले गेले, मात्र त्यांतील एका वर्गाला विशेष निवृत्तिवेतनाचा मार्ग न्यायालयाने खुला ठेवला. चाळीस वर्षांपूर्वीच्या प्रशासकीय निर्णयाचा हिशेब सत्तरी गाठलेल्या माणसांनी मागावा, हे दोन्ही देशांत सारखेच आहे. एका बाबतीत आपली रचना मला अधिक बरी वाटते: २००७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या सशस्त्र दल न्यायाधिकरणाला सरकारकडून दस्तऐवज मागवून घेण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत, आणि मुंबईच्या खंडपीठापुढे उभा राहिलेला जवान ‘माझे कागद त्यांच्याकडे आहेत, ते मागवा’ असे म्हणू शकतो.

अमेरिकेच्या मंडळांनाही नेमके हेच करता आले पाहिजे. आपण तपास संस्था नाही ही भूमिका सोडून, निदान गुणांच्या प्रकरणांत तरी, पगाराच्या, कराच्या आणि राज्य गार्डच्या दप्तरांतून कागद मागवणे हे मंडळाने आपले कर्तव्य मानावे. एका-दोन वर्षांच्या फरकाने जे अपात्र ठरत आहेत, त्यांच्या बाबतीत अर्जाची वाट न पाहता साठीच्या आधी काही वर्षे दलानेच संपूर्ण तक्ता तपासावा. सगळे अर्ज अठरा महिन्यांच्या आत आणि त्यांतील ९० टक्के दहा महिन्यांच्या आत निकाली काढावेत असे कायदा सांगतो. एकोणसाठ वर्षांच्या माणसासाठी हे दीड वर्ष लहान नाही.

सर्वांत आधी हात घालायला हवा तो विधवांच्या आणि विधुरांच्या अर्जांना. राखीव सैनिकाच्या जोडीदाराला मिळणाऱ्या कुटुंबवेतनाचा पर्याय ‘वीस वर्षांचे पत्र’ हाती पडल्यावर ९० दिवसांच्या आत निवडायचा असतो. वीस वर्षे पूर्ण झाली, पण पत्र येण्यापूर्वीच सैनिक वारला, तरी जोडीदाराला ते वेतन मिळू शकते, अशी सोय कायद्यात आहे. पण तक्त्यावर एकोणीसच वर्षे दिसत असतील, तर ही सोय निरुपयोगी ठरते, आणि हरवलेले विसावे वर्ष शोधण्याचे काम, बहुतेकदा, त्याच्या विधवेवर येते. तिच्याकडे पुरावा म्हणून काय असणार? कपाटातील एखादी फाइल, एखादे जुने छायाचित्र, फार तर पगाराच्या दोन-चार चिठ्ठ्या. १९९४ च्या कोणत्या शनिवारी तिचा नवरा कोणत्या आर्मरीत, म्हणजे ड्रिलच्या इमारतीत, हजर होता, हे तिला सांगता येणार नाही. त्या शनिवारचा पगार ज्या कार्यालयाने दिला, त्याला मात्र ते आजही सांगता यायला हवे, आणि तिच्या अर्जावर कोणताही निर्णय देण्यापूर्वी मंडळाने ही विचारणा त्याच कार्यालयाकडे केली पाहिजे.